जुन्या गाडीसाठी कोड स्कॅनर : आधी डॅशबोर्डखाली वाका, मग खिशात हात घाला

‘डोंगल घेतलंय, पण गाडीला कनेक्टच होत नाही.’ ठाणे आणि नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचे मला फोन येतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. डोंगल म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा स्कॅनर; इंजिनाच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड तो मोबाइलवर दाखवतो. वाशीच्या एका मित्राने तर एकापाठोपाठ तीन डोंगल मागवले. तिन्ही चांगले होते, त्याच्या गाडीच्या सॉकेटला वीजच येत नव्हती. दहा रुपयांचा फ्यूज बदलल्यावर पहिलाच डोंगल चालू झाला.

चूक क्रमात होते. लोक आधी स्कॅनर निवडतात आणि मग तो गाडीला लागतो का ते बघतात. नव्या गाडीत हे खपून जातं, कारण तिथे सगळं ठरलेल्या नियमाने बसवलेलं असतं. जुन्या गाडीत कुठला स्कॅनर चालेल हे गाडीच ठरवते. म्हणून खाली सांगितलेली पहिली चार कामं एक रुपयाही खर्च न करता करायची आहेत. पाचव्या टप्प्यापर्यंत खरेदीचं नाव काढू नका.

तयारी

अर्धा तास मोकळा ठेवा. मोबाइलचा टॉर्च, साधा डिजिटल मल्टिमीटर, गाडीचं आरसी, असेल तर मालकाची पुस्तिका, आणि कागद-पेन एवढं पुरे. गाडी सावलीत, सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करा.

टप्पा १ : गाडी नक्की कुठल्या काळातली आहे ते ठरवा

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. नोंदणीची तारीख वेगळी असते. २००९ च्या शेवटी बनलेली गाडी २०१० मध्ये एमएच-०४ किंवा एमएच-४३ नंबर घेऊन रस्त्यावर आलेली असू शकते. आपल्याला उत्पादनाची तारीख हवी. गाडी बीएस-३ की बीएस-४ (धुराच्या मर्यादेचे सरकारी टप्पे) हेही अनेकदा आरसीच्या तपशिलात सापडतं.

एप्रिल २०१० पासून मुंबईसह तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं आणि त्या गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा बंधनकारक झाला. एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं. यावरून ढोबळ अंदाज असा :

- एप्रिल २०१३ नंतरची गाडी : साधा चांगला डोंगल चालण्याची शक्यता भरपूर.
- २०१० ते २०१३ मधली बीएस-४ : बहुतेक चालेल, पण तपासल्याशिवाय घेऊ नका.
- बीएस-३ आणि त्याआधीची इंजेक्शनची गाडी : खरी गुंतागुंत इथे आहे. सॉकेट सोळा पिनांचं दिसेल, पण आतला संगणक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असेल.
- कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी किंवा यांत्रिक पंपाची जुनी डिझेल : इंजिनाला संगणकच नाही. स्कॅनर घेऊ नका. ते पैसे टायमिंग, प्लग, फिल्टर यांवर खर्च करा.

बरेच जण अमेरिकेतले व्हिडिओ बघून ‘१९९६ नंतरच्या सगळ्या गाड्यांना ओबीडी-२ असतं’ असं धरून चालतात. तो नियम तिथला आहे. युरोपात तो पेट्रोल गाड्यांसाठी २००१ ला आला. आपल्याकडच्या २००६ च्या गाडीला तो लावून बघाल तर फसाल.

टप्पा २ : चेक इंजिनचा दिवा खरंच जिवंत आहे का

इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’ला फिरवा. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर तो काही सेकंदांत विझला पाहिजे.

चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर तिथेच थांबा. याचा अर्थ ‘गाडीत काही दोष नाही’ असा होत नाही. बल्ब उडालेला असेल, काढलेला असेल, किंवा झाकलेला असेल. कोपरखैरण्यात एक वापरलेली गाडी घ्यायच्या आधी मी ओळखीच्या माणसाबरोबर बघायला गेलो होतो. विकणारा सांगत होता, एकही दिवा लागत नाही, गाडी एकदम क्लीन. चावी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला, आणि इंजिनाच्या जागी काळोख. पुढे मीटर उघडलं तेव्हा त्या चिन्हामागे नखाएवढा काळा टेप नीट कापून चिकटवलेला होता. टेप काढला, चावी फिरवली आणि दिवा लागून तसाच राहिला.

⚠ पीयूसीवर भरवसा ठेवू नका. पीयूसी केंद्रात सायलेन्सरचा धूर तपासतात, सॉकेटला काही लावत नाहीत. गाडी पीयूसी पास होऊनही आत चार कोड साठलेले असू शकतात.

टप्पा ३ : सॉकेट शोधा आणि पिना मोजा

बहुतेक गाड्यांत सॉकेट स्टेअरिंगखाली ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर असतं. तिथे नसेल तर बॉनेट उघडायच्या खटक्याजवळ, फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे किंवा गिअरच्या पुढच्या कप्प्यात बघा. जुन्या काही गाड्यांत ते बॉनेटखाली असतं.

आकार बघा. एक बाजू रुंद, एक अरुंद, आठ-आठ खाचांच्या दोन ओळी असतील तर ते सोळा पिनांचं प्रमाण सॉकेट. जुन्या फियाटमध्ये तीन पिनांचं सॉकेट मिळतं, जुन्या होंडामध्ये दोन आणि तीन पिनांचे वेगळे कनेक्टर मिळतात. त्यांना जोडणी-वायर वेगळी लागते आणि सॉफ्टवेअरही वेगळं लागतं. ‘सोळा पिनांचं कन्व्हर्टर’ एवढंच विकत घेऊन काम होत नाही, कारण वायर आकार बदलते, भाषा बदलत नाही.

आता टॉर्च लावून जवळून बघा. सगळ्या सोळा खाचांत धातू नसतो. रुंद ओळ वर येईल असं सॉकेट समोरून बघितलं तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत डावीकडून ९ ते १६. कुठल्या खाचेत चकाकणारी पिन आहे आणि कुठली खाच रिकामी आहे ते कागदावर उतरवा. सॉकेट उलटं बसवलेलं असेल तर मोजताना दिशा सांभाळा.

- ४ आणि ५ : अर्थ.
- १६ : बॅटरीची वीज, चावी बंद असतानाही.
- ७ : के-लाइन, संगणकाशी बोलायची जुनी वायर. आपल्या जुन्या गाड्यांची मुख्य वाट. काही गाड्यांत सोबत १५ सुद्धा.
- ६ आणि १४ : कॅन, संगणकाशी बोलायची नवी पद्धत. तुलनेने नव्या गाड्यांत.

फक्त ७ आहे आणि ६-१४ रिकाम्या आहेत, असं दिसलं तर तुमचा निम्मा निर्णय इथेच झाला : के-लाइन नीट बोलणारा स्कॅनर हवा. ६, १४ आणि ७ तिन्ही असतील तर इंजिन कॅनवर असेलच असं धरू नका. काही गाड्यांत इंजिन एका वाटेने आणि एबीएस दुसऱ्या वाटेने बोलतं.

फोटो काढून ठेवा. दुकानदाराशी किंवा मेकॅनिकशी बोलताना हा एक फोटो दहा वाक्यांचं काम करतो.

✔ खाडीकाठच्या हवेचा परिणाम इथे दिसतो. पिनांवर हिरवट-पांढरी पूड असेल तर इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर फवारून वाळू द्या. पॉलिश पेपर किंवा सुई खुपसू नका, पिनेचा जबडा सैल झाला की डोंगल कायमचा हलता बसेल. पावसाळ्यात गाडीत पाणी शिरलं असेल तर पायाखालचा गालिचा उचलून वायरिंग कोरडं आहे ना तेही बघा. तळघरातल्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, तेवढ्यासाठी बॉनेटखाली एक नजर टाका.

टप्पा ४ : सॉकेटला वीज आहे का

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. लाल टोक १६ ला, काळं ४ ला. साधारण बॅटरीइतकाच आकडा, म्हणजे १२.४ ते १२.६ च्या आसपास दिसला पाहिजे. मग काळं टोक ५ ला लावूनही तोच आकडा येतो का बघा.

आकडा शून्य असेल तर फ्यूज बघा. कित्येक गाड्यांत सॉकेटचा फ्यूज सिगारेट लायटर किंवा केबिनच्या दिव्याबरोबर एकत्र असतो. लायटरला स्वस्त मोबाइल चार्जर लावून तो फ्यूज उडतो, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. वर सांगितलेल्या मित्राचं हेच झालं होतं. फ्यूज त्याच अँपिअरचा घाला, मोठा नको.

आकडा १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. अशक्त बॅटरीवर जुना संगणक खोटे कोडही देतो.

⚠ मल्टिमीटरची टोकं एकमेकांना किंवा शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका. वायरचा तुकडा घालून पिना ‘शॉर्ट’ करून दिवा लुकलुकवायची पद्धत काही जुन्या मॉडेलांत खरंच आहे, आणि तिथे स्कॅनरशिवाय कोड वाचता येतो. पण कुठल्या दोन पिना हे तुमच्याच मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय करू नका. चुकीच्या जोडीने संगणक जळतो.

टप्पा ५ : तुम्हाला स्कॅनरकडून काय हवंय ते लिहा

एक-दोन ओळी पुरेत, पण लिहाच.

फक्त इंजिनाचे कोड आणि चालू आकडे हवे असतील तर साधं उपकरण पुरेल. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागलाय, नवीन चावी इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) ओळख करून द्यायची आहे, तर साधा डोंगल कितीही महाग घेतला तरी ते करणार नाही. कारण ओबीडीचा सर्वसाधारण नियम धुराशी संबंधित भागापुरताच आहे, बाकी सगळं कंपनीच्या भाषेत चालतं. एअरबॅगच्या बाबतीत तर घरी काही उघडूच नका. पिवळ्या आवरणातली वायर आणि पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्या.

टप्पा ६ : कुठल्या जातीचा स्कॅनर

*ब्लूटूथ किंवा वायफाय डोंगल आणि मोबाइल अ‍ॅप.* घरच्या माणसासाठी मी आजही हाच सुचवतो, पण डोळे उघडे ठेवून. यातल्या बहुतेकांवर ‘ईएलएम३२७’ लिहिलेलं असतं. ही मूळ कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची चिप. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली आणि बाजारातले स्वस्त डोंगल जवळपास सगळे नकला आहेत. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी डब्यांवर ती सर्रास छापतात. नक्कल असल्याने डोंगल बाद होत नाही. बाद होतो तो के-लाइन अर्धवट असल्यामुळे. २.१ लिहिलेल्या कित्येक बुटक्या, नखाएवढ्या डोंगलांत कॅन व्यवस्थित चालतं आणि जुन्या भाषा, म्हणजे आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी, चालतच नाहीत. शेजारच्या २०१६ च्या गाडीत तोच डोंगल झटकन जोडला जातो, म्हणून माणूस स्वतःच्या गाडीला दोष देत बसतो.

तुमच्या सॉकेटात फक्त पिन ७ असेल तर थोडे जास्त पैसे घालून एसटीएन (ईएलएमऐवजी वापरतात ती दुसऱ्या कंपनीची) चिपवाला डोंगल घ्या. काही शे रुपयांऐवजी काही हजार जातील, पण पाचही प्रोटोकॉल, म्हणजे गाडीशी बोलायच्या भाषा, पूर्ण मिळतात आणि जोडणी टिकते.

आयफोन वापरत असाल तर साधा जुना ब्लूटूथ डोंगल चालणार नाही. वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्या. ही चूक इतक्यांदा बघितली आहे की आता कुणाचा फोन आला की आधी मोबाइल कुठला तेच विचारतो.

*हातात धरायचा स्वतंत्र कोड रीडर.* मोबाइलची कटकट नको असलेल्यांना ठीक. वायर लांब, पडदा छोटा, वीज सॉकेटमधूनच. घेताना डब्यावर आयएसओ ९१४१-२ आणि आयएसओ १४२३० (म्हणजेच केडब्ल्यूपी) लिहिलंय का बघा. फक्त ‘कॅन’ लिहिलेलं असेल तर ठेवून द्या.

*एका कंपनीपुरतं सॉफ्टवेअर.* जुनी युरोपीय गाडी असेल तर हाच रस्ता सर्वात चांगला. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस, फियाटसाठी मल्टीईसीयूस्कॅन, फोर्डसाठी फोर्‌स्कॅन. लॅपटॉप लागतो आणि योग्य वायर लागते. पण जिथे साधा डोंगल गप्प बसतो तिथे ही एबीएसपर्यंत बोलतात.

*टॅबलेटवाला बहुब्रँड स्कॅनर.* एका गाडीसाठी घेऊ नका. वर्षाचं अपडेट संपलं की पुन्हा पैसे. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला ज्या गॅरेजकडे असा स्कॅनर आहे तिथे एकदा पैसे देऊन पूर्ण स्कॅन करून घेणं परवडतं. बीएस-३ गाडीच्या मालकांना माझा सल्ला तर हाच : आधी एकदा गॅरेजमध्ये स्कॅन करा आणि त्या माणसाला विचारा, ‘यंत्राने कुठला प्रोटोकॉल उचलला?’ पडद्यावर तो दिसतो. उत्तर कागदावर लिहून आणा, मग डोंगल मागवा.

✔ ऑनलाइन मागवताना परत करायची मुदत बघा आणि डोंगल आला त्याच दिवशी पुढचा टप्पा करा. महिनाभर कपाटात ठेवलेला डोंगल परत जात नाही.

टप्पा ७ : पहिली जोडणी, याच क्रमाने

१. चावी बंद. डोंगल सॉकेटमध्ये सरळ दाबा, डोंगलचा दिवा लागला पाहिजे.
२. चावी ‘ऑन’, इंजिन बंद.
३. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ जोडा. पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ००००.
४. टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप उघडा आणि तिथे डोंगल निवडा.
५. स्वयंचलित शोध फसला तर हाताने प्रोटोकॉल निवडा. आधी केडब्ल्यूपी फास्ट, मग केडब्ल्यूपी ५ बॉड, मग आयएसओ ९१४१-२. दोन प्रयत्नांमध्ये चावी बंद करून दहा सेकंद थांबा.
६. जोडलं गेलं की इंजिन सुरू करा आणि फक्त आरपीएम बघा.

के-लाइनवर आकडे सावकाश बदलतात. एकाच पडद्यावर बारा मीटर मांडले की सुई अडखळते आणि लोकांना डोंगल खराब वाटतो. तीन-चार मीटर ठेवा.

ईएलएम३२७ आयडेंटिफायर नावाचं अँड्रॉइड अ‍ॅप डोंगल कुठल्या आज्ञा खरंच पाळतो ते दाखवतं. परत करायची मुदत असताना हे एकदा चालवा.

टप्पा ८ : कोड वाचा, लिहा, पुसू नका

अ‍ॅपमधलं सगळ्यात मोठं बटण ‘क्लिअर’चं असतं आणि लोक आधी तेच दाबतात. माझ्या स्वतःच्या गाडीचं असंच झालं होतं. घोडबंदर रस्त्यावर चढावाला गाडी झटके देत होती. गॅरेजमध्ये मुलाने यंत्र लावलं, कोड आला, त्याने लगेच पुसला आणि म्हणाला, ‘झालं साहेब.’ कोणता कोड होता हे त्यालाही आठवेना. तोच दोष पुन्हा नोंदला जायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस मी अंदाजाने भाग बदलत राहिलो.

कोड पुसला की त्याबरोबर फ्रीज फ्रेमही जाते. दोष उमटला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार किती होता ही नोंद म्हणजे फ्रीज फ्रेम. तुमची गाडी ती ठेवत असेल तर कोडपेक्षाही ती जास्त सांगते. म्हणून साठलेले कोड, प्रलंबित (अजून पक्के न झालेले) कोड आणि फ्रीज फ्रेम यांचे स्क्रीनशॉट घ्या, आणि सोबत किलोमीटर व तारीख लिहा.

कोड म्हणजे बदलायच्या भागाचं नाव नव्हे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. पुढे ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगणारे भेटतील. त्याआधी अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. जागेवर उभ्या गाडीत तो अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर बहुधा कुठूनतरी हवा ओढली जातेय : फाटका व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट. दोन्हीकडे चढाच राहिला तर इंधनाचा दाब, फिल्टर, पंप बघा. वीस वर्षांच्या गाडीत रबराचे पाइप कडक होऊन चिरतात, सेन्सरआधी त्यांच्यावर संशय घ्या.

इंजिन गरम झाल्यावर एवढे आकडे बघून ठेवा : कूलंट साधारण ८५ ते १०० अंश, बॅटरी चालू इंजिनावर १३.५ ते १४.५ व्होल्ट, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली.

⚠ सीएनजी गाडीवाल्यांसाठी. आपल्याकडे जुन्या गाड्यांत बाहेरून बसवलेलं किट सर्रास असतं, आणि इथेच निदान सर्वात जास्त चुकतं. गाडी गॅसवर चालत असतानाही पेट्रोलचा संगणक आपले हिशोब करत असतो. गॅसचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर त्याचा चुकीचा धडा पेट्रोलच्या ट्रिममध्ये उतरतो आणि दोन्ही इंधनांवर गाडी बिघडते. म्हणून टाकीत पेट्रोल भरा, गाडी पूर्ण गरम करा, वीस-पंचवीस किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा आणि मग ट्रिम लिहा. त्यानंतर गॅसवर घ्या आणि पुन्हा लिहा. पेट्रोलवर आकडा शून्याजवळ आणि गॅसवर मोठा असेल तर सेन्सर बदलायला नको, किटवाल्याकडे जा. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणाऱ्या) किटला स्वतःचा वेगळा संगणक आणि स्वतःची वेगळी वायर असते, तुमचा ओबीडी डोंगल तो वाचत नाही.

टप्पा ९ : दुरुस्तीनंतर पुसा आणि डोंगल काढून ठेवा

दुरुस्ती झाली की कोड पुसा, आणि मग दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्याने चालवा : थोडी माजिवड्याची रांग, थोडा पाम बीचचा मोकळा वेग. थंड इंजिनापासून सुरुवात झालेल्या निदान दोन-तीन फेऱ्या हव्यात. पुन्हा स्कॅन करताना आधी प्रलंबित कोड बघा, दिवा लागायच्या आधी दोष तिथे दिसतो.

डोंगल सॉकेटमध्ये ठेवून गाडी आठ-पंधरा दिवस उभी करू नका. १६ नंबरची पिन चावी बंद असतानाही वीज देत राहते, आणि जुनी बॅटरी तेवढ्याने उतरते. डोंगल आरसीच्या पाकिटाशेजारी ठेवा आणि त्याच पाकिटात एक कागद : पिनांची आकृती, चाललेला प्रोटोकॉल, गाडी ठणठणीत असतानाचे ट्रिम आणि व्होल्टचे आकडे. पुढच्या वेळी दिवा लागेल तेव्हा मेकॅनिकच्या हातात आधी तो कागद द्या.